बी विंगचा अर्धा गुण: एका शीर्षकगीताचं प्रकरण

आमच्या सोसायटीत गणपतीच्या पाचव्या दिवशी संध्याकाळच्या आरतीनंतर प्रश्नमंजूषा असते. प्रश्न काढायचं काम गेली काही वर्षं माझ्या गळ्यात पडलंय. बक्षिसाच्या स्टीलच्या डब्यासाठी लोक किती इरेला पेटतात हे मला चांगलं ठाऊक आहे, तरी मागच्या वर्षी मी गाफील राहिलो. संगीताच्या फेरीत विचारलं, "'आय’ल बी देअर फॉर यू' या नावाचं एक गाणं 1995 साली अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट 100 या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. ते कोणाचं?"

बी विंगच्या कॉलेजातल्या मुलीने माझं वाक्य संपायच्या आत हात वर केला. "रेम्ब्रांट्स. फ्रेंड्सचं टायटल साँग." शेजारच्या मुलाने त्या गाण्यातल्या चार टाळ्याही वाजवून दाखवल्या. मी म्हणालो, चूक. प्रश्न ए विंगकडे गेला. तिथले पन्नाशीतले एक काका, तरुणपणी खांद्यापर्यंत केस राखलेले, माइक जवळजवळ हिसकावून घेत म्हणाले, "बॉन जोव्ही!" तेही चूक. मग मी कार्डावरचं उत्तर वाचलं: मेथड मॅन आणि मेरी जे. ब्लाइज. मांडवात तीन-चार सेकंद शांतता पसरली आणि मग जो गलका झाला तो थेट प्रसादापर्यंत पुरला.

दोन्ही संघांना अर्धा-अर्धा गुण देऊन मी सुटका करून घेतली. डबा सी विंगने नेला. पण त्या मुलीचा सवाल डोक्यातून जाईना. "काका, जे गाणं सगळ्यांना पाठ आहे ते यादीत तिसरंसुद्धा नाही? मग होतं कुठे?" सवाल रास्त होता. एकाच नावाची गाणी आणि मालिकेचं शीर्षकगीत, या दोन गोष्टी एकमेकींत अशा अडकलेलं दुसरं प्रकरण निदान माझ्या तरी पाहण्यात नाही.

नाव एक, गाणी तीन

तिघांत थोरलं बॉन जोव्हीचं. 1988 च्या 'न्यू जर्सी' अल्बममधलं, जॉन बॉन जोव्ही आणि गिटारवादक रिची सॅम्बोरा यांनी लिहिलेलं. चुकलेल्या प्रियकराची विनवणी, संथ सुरुवात आणि मग गळा फाडून ध्रुवपद. त्या काळच्या केसाळ रॉक बँडांना प्रत्येक अल्बममध्ये असं एक गाणं लागायचंच. मे 1989 मध्ये ते हॉट 100 च्या पहिल्या क्रमांकावर गेलं. काका चुकले ते सालात आणि क्रमांकात.

दुसरं मेथड मॅनचं. वू-टँग क्लॅन या न्यूयॉर्कच्या रॅप टोळक्यातला हा गडी. 1994 च्या 'टिकॅल' अल्बमवर त्याचं गाणं 'ऑल आय नीड' या नावाने होतं. पुढच्या वर्षी मेरी जे. ब्लाइजचा आवाज घालून ते नव्याने बांधलं आणि तिच्या वाट्याला मार्व्हिन गे आणि टॅमी टेरेल यांच्या 1968 मधल्या 'यू’आर ऑल आय नीड टू गेट बाय'च्या ओळी आल्या. सिंगलवर, म्हणजे एकाच गाण्यासाठी सुट्या विकल्या जाणाऱ्या तबकडीवर, नाव छापताना मात्र दोन गाण्यांची मोट बांधली. आधी 'आय’ल बी देअर फॉर यू', मग एक तिरकी रेघ, मग मार्व्हिन गेच्या गाण्याचं नाव. माझा सगळा प्रश्न त्या रेघेच्या डाव्या बाजूवर उभा होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. गाणं मात्र अस्सल आहे. त्याला रॅप जोडगोळीचं ग्रॅमीही मिळालं.

आणि तिसरं फ्रेंड्सचं.

(जॅक्सन फाइव्हचं 1970 मधलं आणि मराया कॅरीने 1992 मध्ये पुन्हा गायलेलं 'आय’ल बी देअर' यात मोजत नाही. ते एकच गाणं दोघांनी गायलंय, आणि त्यात 'फॉर यू' नाही. मांडवात कोणीतरी तेही ओरडलं होतं, म्हणून सांगितलं.)

पाऊण मिनिटाचं काम

'फ्रेंड्स' ही अमेरिकी विनोदी मालिका 22 सप्टेंबर 1994 रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. सुरुवातीला आर.ई.एम. या बँडचं 1991 मधलं 'शायनी हॅपी पीपल' घ्यायचा विचार होता, पण बँडने नकार दिला. मग नवं गाणं करायचं ठरलं. चाल मायकल स्क्लॉफची. मालिकेच्या दोन निर्मात्यांपैकी मार्टा कॉफमनचा तो तेव्हा नवरा, म्हणजे काम घरातच राहिलं. शब्द मुख्यतः ॲली विलिस या गीतकारेचे. ही बाई 'अर्थ, विंड अँड फायर' या बँडच्या 'सप्टेंबर' या गाण्याच्या गीतकारांपैकी एक, तेव्हा नाचायला लावणारं ध्रुवपद कसं बांधायचं हे तिला नव्याने शिकायचं नव्हतं. स्क्लॉफच्या डोक्यात बीटल्सच्या साठच्या दशकातल्या गिटारी होत्या.

गायला हवा होता एखादा बँड. मालिका वॉर्नर कंपनीची, आणि लॉस एंजलिसच्या डॅनी वाइल्ड आणि फिल सोलेम यांची रेम्ब्रांट्स ही जोडी वॉर्नरच्याच छत्राखालच्या ईस्टवेस्ट कंपनीकडे. 1991 मध्ये त्यांचं 'जस्ट द वे इट इज, बेबी' बऱ्यापैकी चाललं होतं आणि जुन्या धाटणीचं गिटार पॉप हा त्यांचा हातखंडा होता. त्यांनी येऊन एक कडवं आणि ध्रुवपद गायलं. पुरतं एक मिनिटही नाही. टीव्हीला तेवढंच लागतं.

आता त्या टाळ्या. पहिली ओळ संपते आणि दुसरी सुरू व्हायच्या आत चार टाळ्या येतात. तेवढ्या जागेत एखादा ड्रमचा तुकडा बसला असता आणि कोणाला काही खटकलं नसतं. पण ड्रम वाजवायला ड्रम लागतो, टाळी वाजवायला तुम्ही सोफ्यावर बसलेले असलात तरी पुरतं. शिवाय त्या जलद आहेत, नेमक्या आहेत आणि एकदाच येतात. नवखा हमखास तीन वाजवतो किंवा पाचवी मारून मोकळा होतो. आरतीला नवीन आलेला पाहुणा झांज घेऊन जसा अर्ध्या मात्रेने मागे राहतो, तसंच. गाण्यात चुकण्याची एवढीशी जागा ठेवली की लोक ते गाणं पुन्हा पुन्हा करून बघतात. स्क्लॉफ मंडळींनी हे ठरवून केलं की ओघात झालं यात मी शिरत नाही. मला ती जागा त्या गाण्यातली सर्वात हुशार जागा वाटते.

नॅशव्हिलमधली उचापत

इथपर्यंत हे फक्त एका मालिकेचं शीर्षकगीत होतं. दुकानात मिळत नव्हतं, कारण पाऊण मिनिटाचं गाणं विकणार काय? मग नॅशव्हिलच्या डब्ल्यूवायएचवाय या रेडिओ स्टेशनच्या चार्ली क्विन आणि टॉम पीस यांनी एक उद्योग केला. टीव्हीवरचा तुकडाच घेतला, पुन्हा पुन्हा जोडून त्याचं पूर्ण लांबीचं गाणं केलं आणि वाजवायला सुरुवात केली. आपल्याकडे लग्नाच्या व्हिडिओला सनईचा एकच तुकडा तीनदा डकवतात, तीच कारागिरी. पण लोकांनी डोक्यावर घेतलं. मागणी इतकी वाढली की रेम्ब्रांट्सना स्टुडिओत परत जाऊन खरंखुरं तीन मिनिटांचं गाणं करावं लागलं. दुसरं कडवं आणि मधला भाग त्यांनी स्वतः जोडला. म्हणून या गाण्याच्या श्रेयनामावलीत सहा नावं आहेत: स्क्लॉफ, विलिस, मालिकेचे निर्माते डेव्हिड क्रेन आणि मार्टा कॉफमन, आणि वाइल्ड व सोलेम.

त्यांचा 'एल.पी.' नावाचा अल्बम तेव्हा तयारच होता. त्याच्या शेपटीला हे गाणं लावलं, आणि तेही इतक्या उशिरा की पहिल्या प्रतींच्या मागच्या यादीत त्याचं नावच नाही. अल्बमच्या बाकीच्या गाण्यांशी त्याचं फारसं जमतही नाही. ज्या गाण्यासाठी लोक अल्बम घेत होते ते मुखपृष्ठावर पाहुण्यासारखं, हा प्रकार त्या दोघांना किती बोचला असेल याची कल्पना करता येते. 1997 मध्ये जोडी फुटली, 2000 मध्ये पुन्हा जुळली, पण एकदा 'फ्रेंड्सवाले' झाल्यावर त्यांचं दुसरं कुठलंही गाणं त्या गाण्याच्या सावलीबाहेर येऊ शकलं नाही.

मग ते होतं कुठे?

मुलीच्या सवालाचं उत्तर इथे आहे, आणि ते गाण्यात नसून हिशेबात आहे.

हॉट 100 ही यादी तेव्हा दोन गोष्टी मिळवून बनत असे, दुकानातली सिंगलची विक्री आणि रेडिओवरची वाजवणी. नियम असा की गाणं सिंगल म्हणून दुकानात विकायला असलंच पाहिजे. नसेल तर रेडिओवर रात्रंदिवस वाजलं तरी यादीत नाव नाही. रेकॉर्ड कंपन्यांनी यातून एक युक्ती काढली होती. गाणं रेडिओला द्यायचं, दुकानात सिंगल काढायचंच नाही. ज्याला ते हवं त्याने अख्खा अल्बम घ्यावा. ग्राहकाने एका गाण्यासाठी चौदा गाण्यांचे पैसे मोजायचे. भाजीवाला कोथिंबीर फुकट देतो, हे त्याच्या अगदी उलट.

रेम्ब्रांट्सच्या बाबतीत नेमकं हेच झालं. 1995 मध्ये हे गाणं बिलबोर्डच्या फक्त रेडिओ मोजणाऱ्या यादीत आठ आठवडे पहिलं होतं. अमेरिकेत त्या दिवसांत रेडिओवर याहून जास्त काही वाजत नव्हतं. पण त्याच आठवड्यांच्या हॉट 100 मध्ये ते शोधायला जाल तर कुठेच नाही. मेथड मॅनचं गाणं मात्र सिंगल म्हणून रीतसर विकलं जात होतं, म्हणून त्या यादीत त्या नावाने तेच दिसतं, तिसऱ्या क्रमांकावर. नंतर कंपनीने 'धिस हाउस इज नॉट अ होम' या दुसऱ्या गाण्याचं सिंगल काढलं आणि शीर्षकगीत त्याच्या मागच्या बाजूला घातलं. तेव्हा कुठे ते हॉट 100 मध्ये शिरलं. तोवर लोकांचं ऐकून झालं होतं. 17 व्या क्रमांकापर्यंत गेलं आणि उतरलं.

हे एकट्याचं दुर्दैव नव्हतं. नो डाउट या बँडचं 'डोन्ट स्पीक' रेडिओच्या यादीत 16 आठवडे पहिलं राहिलं आणि हॉट 100 मध्ये त्याचं नावही आलं नाही. अशी उदाहरणं साचत गेली तशी यादीचीच अब्रू जायला लागली. शेवटी डिसेंबर 1998 मध्ये बिलबोर्डने सिंगलची अट काढून टाकली. फ्रेंड्सचं गाणं साडेतीन वर्षं आधी जन्मलं, एवढाच त्याचा गुन्हा.

ब्रिटनमध्ये कंपनीने सिंगल सरळ विकलं. तिथला निकाल बघा. रेम्ब्रांट्स 1995 मध्ये तिसरे, आणि 1997 मध्ये पुन्हा काढल्यावर पाचवे. मेथड मॅन दहावा. बॉन जोव्ही अठरावे. अमेरिकेत बॉन जोव्ही पहिले, मेथड मॅन तिसरा, रेम्ब्रांट्स सतरावे. तीच तीन गाणी, तेच नाव, आणि क्रम बरोबर उलटा. हा तक्ता वहीत मांडल्यावर मी दोनदा तपासला, कारण इतका चोख उलटा क्रम कोणी रचून सांगितला असता तर मी त्याला थापाड्या म्हटलं असतं.

नाव लोकांसाठी नसतंच

मांडवात दोन उत्तरं आली, पण दोघांच्याही डोक्यात घोटाळा नव्हता. काकांना त्यांचं गाणं माहीत होतं, मुलीला तिचं. 'आय’ल बी देअर फॉर यू' हे नाव उच्चारलं ते फक्त मी. ती म्हणाली 'फ्रेंड्सचं', ते म्हणाले 'बॉन जोव्ही'. लोक गाण्याला त्याच्या कागदावरच्या नावाने हाक मारतच नाहीत. गाणं कुठे भेटलं त्यावरून मारतात. शीर्षकगीताला तर मालिका हे दुसरं, जास्त चालणारं नाव आयतं मिळतं. गंमत म्हणजे त्या गाण्यात 'फ्रेंड्स' हा शब्द एकदाही येत नाही.

आपल्या कानांना हे थोडं विचित्र वाटतं. मराठी शीर्षकगीताची एक रीत म्हणजे फिरून फिरून मालिकेच्या नावावर समेला येणं. 'आभाळमाया' आठवा. मंगेश कुलकर्णींचे शब्द, अशोक पत्कींची चाल, देवकी पंडितांचा आवाज, आणि शेवटी गाणं टेकतं ते नावावरच. उलट उदाहरण दूरदर्शनवरच्या 'गोट्या'चं. त्याचं 'बीज अंकुरे अंकुरे' मालिकेचं नाव न घेता घराघरांत गेलं. पण त्याची नावावरून गल्लत होणं अवघड, कारण आपण गाणं पहिल्या ओळीने ओळखतो. भावगीताला वेगळं नाव कुठे असतं? मुखडा हेच नाव. इंग्रजी गाण्याचं नाव बहुतेकदा ध्रुवपदातून उचललेलं चार-पाच शब्दांचं वचन असतं, आणि प्रेमातली वचनं जगात मोजकीच. मी आहे, मी येईन, मी थांबेन. मग तीन गाणी एका नावावर येऊन आदळली तर नवल काय?

आपल्याकडे टक्कर होते ती वेगळ्या वळणाने, गाण्याची ओळ मालिकेचं नाव झाली की. 'तुला पाहते रे' म्हटलं की माझ्या आईला 1960 च्या 'जगाच्या पाठीवर'मधलं गदिमा, बाबूजी आणि आशाताईंचं गाणं ऐकू येतं. बी विंगच्या मुलीला 2018 ची झी मराठीवरची मालिका दिसते. दोघी एकाच सोफ्यावर बसून त्या नावाबद्दल दहा मिनिटं बोलू शकतील आणि आपण वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतोय हे दोघींनाही कळणार नाही.

कायद्यालाही नावाचं फारसं कौतुक नाही. अमेरिकेत गाण्याच्या नुसत्या नावावर कॉपीराइट मिळत नाही. आपल्याकडेही 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'देसी बॉईज' या सिनेमाच्या नावावरून झालेल्या वादात तेच सांगितलं. नुसतं शीर्षक ही कलाकृती नव्हे. प्रकरण ठाण्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडून सुरू होऊन दिल्लीपर्यंत गेलं होतं. तेव्हा उद्या कोणी चौथं 'आय’ल बी देअर फॉर यू' काढलं तर पहिल्या तिघांना फक्त बघत बसावं लागेल.

मग पैसे चुकीच्या माणसाकडे का जात नाहीत? कारण तिथे नावावर कोणी विसंबतच नाही. प्रत्येक रचनेला एक आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो, सुरुवातीला 'टी' आणि मग दहा अंक. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला वेगळा, बारा खुणांचा. टीव्हीवरचा पाऊण मिनिटाचा तुकडा आणि तीन मिनिटांचं गाणं ही दोन मुद्रणं, तर बॉन जोव्हीचं गाणं ही मुळात वेगळी रचना. शिवाय मालिकेच्या प्रत्येक भागाबरोबर क्यू शीट जाते. कुठलं संगीत, किती सेकंद, कोणाचं, सुरुवातीला वाजलं की पार्श्वभूमीला. त्यावरून हक्कसंस्था पैसे वाटतात. आपल्याकडे हे काम आयपीआरएस करते, आणि कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा तो वाटा वारस आणि हक्कसंस्था सोडून कोणाला लिहून देऊन टाकताही येत नाही. 'फ्रेंड्स'चे 236 भाग झाले. पुनःप्रक्षेपणं कोण मोजणार? हॉट 100 मध्ये 17 वा क्रमांक मिळालेल्या गाण्याने आपल्या सहा मालकांना उपाशी ठेवलं असेल असं मला वाटत नाही.

दुरुस्ती

हे सगळं जमल्यावर सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर मी रीतसर दुरुस्ती टाकली. प्रश्न बरोबर होता, पण हलकट होता. 'अमेरिकेच्या' ऐवजी 'ब्रिटनच्या' म्हटलं असतं तर बी विंगचं उत्तर शंभर टक्के बरोबर ठरलं असतं. काकांनी अंगठा दाखवला. सी विंगने डबा परत मिळणार नाही असं कळवलं, कोणी मागितला नसताना.

दोन दिवसांनी ती मुलगी लिफ्टमध्ये भेटली. "म्हणजे आमचा अर्धा गुण अजून बाकी आहे," ती म्हणाली. मी मान डोलावली.

"आणि ते मागच्या बाजूला घातलं होतं, त्याला बी साइड म्हणतात ना? म्हणजे काय नक्की?"

मी हाताने तबकडी उलटी करून दाखवली. एका बाजूला कंपनीला जे खपवायचं ते, दुसऱ्या बाजूला उरलंसुरलं.

"कळलं," ती म्हणाली. "आमच्या विंगसारखं. पाणी शेवटी, पार्किंग मागे."